मांडीवरचं गाणं

आमची नात आता अडीच वर्षांची आहे. तिला अजून सगळे शब्द येत नाहीत. बैलालाही 'हुर्र' म्हणते आणि ट्रॅक्टरलाही 'हुर्र'च म्हणते. पण संध्याकाळी देवळात हरिपाठाचे टाळ वाजायला लागले, की हातातलं खेळणं टाकून उभी राहते आणि ठेक्यावर गुडघे वाकवायला लागते. कधी ठेका सापडतो, कधी निसटतो. निसटला की थांबते, ऐकते आणि पुन्हा धरते.

परवा शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "कुणी शिकवलं हो हिला?"

मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. पण रात्री तोच प्रश्न डोक्यात घोळत राहिला. माझ्या लहानपणी असा प्रश्न कुणी विचारला नसता. रांगणाऱ्या पोराला चालायला कोण शिकवतं? तसंच गाण्याचं होतं. आता मात्र विचारावं लागतं. हा फरक कधी पडला, कसा पडला, आणि त्यात माझा स्वतःचा हात किती, ते आज लिहून काढतो.

मी १९६० सालचा. गाव मिरज तालुक्यातलं, मिरजेपासून सायकलीवर दीड तासाच्या वाटेवर. १९७५ ला नवी दहावी सुरू झाली, मी त्याच्या पुढच्या वर्षी पास झालो आणि मग शेतीतच राहिलो. म्हणजे मी काही गाण्यातला जाणकार नाही. जे डोळ्यांनी पाहिलं आणि गावच्या वाचनालयात वाचलं, तेवढंच सांगतो.

माझी पहिली आठवण जात्याची आहे. पहाटे चारच्या सुमाराला आई आणि चुलती जात्याच्या दोन बाजूंना बसायच्या. एक पाय दुमडलेला, एक पसरलेला. पसरलेल्या पायावर घरातलं सगळ्यात लहान पोर. खुंटा फिरला की आईचं अंग पुढं जायचं, मागं यायचं आणि तिच्याबरोबर पायावरचं पोरही हलायचं. वरून ओवी, खालून जात्याची घरघर. माझ्यानंतरची बहीण अशीच पायावर निजलेली मला दिसायची, म्हणजे तिच्या आधी मीही तसाच निजलो असणार. आमच्या पिढीला लय आधी अंगातून कळली, कानातून मागनं.

ओव्यांत काय असायचं? माहेर, भाऊ, पंढरपूर, पाऊस, सासूचा जाच, लेकराचं कौतुक. लेकराच्या कौतुकाच्या ओवीत त्याचं नाव घालायचं. त्यामुळं पोराला बोलता यायच्या आधी आपलं नाव सुरात ऐकायला मिळायचं. साने गुरुजींनी अशा ओव्या गोळा करून 'स्त्रीजीवन' हे पुस्तक केलं. पुढं पुण्याच्या हेमा राईरकर आणि फ्रान्सहून येऊन इथलेच झालेले गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून, बायकांसमोर बसून, एक लाखाहून जास्त ओव्या जमा केल्या. एवढं धन आमच्या आयाबायांच्या तोंडात होतं आणि त्यांना कुणी गायिका म्हटलं नाही. त्यांनी स्वतःलाही तसं म्हणवलं नाही.

घराबाहेर पडलं की विहिरीवर मोट. आमच्या वडिलांना आम्ही तात्या म्हणायचो. तात्या मोट हाकताना गायचे. बैल धावेवर उतरताना एक चाल, मागं सरकताना दुसरी. बैलांनाही ती कळायची. आई न्याहारी घेऊन यायची आणि आम्हा लहानांना आंब्याच्या सावलीत बसवायची. तिथं बसल्या बसल्या पाण्याचा, नाड्याचा, चाकाच्या करकरीचा आणि तात्यांच्या गळ्याचा असा चारपदरी आवाज कानावर पडायचा.

दारावर वासुदेव यायचा. मोरपिसांची टोपी, हातात चिपळ्या. तान्ही पोरं पहिल्यांदा त्याला भ्यायची, मग आईच्या पदराआडून बघायची आणि तिसऱ्या दिवशी त्याच्यासारखी गिरकी मारायची. माळावर धनगरांचे ढोल वाजायचे. लग्नात होलारांची सनई असायची. त्यांच्या घरात पोर चालायला लागलं की बापाच्या सुरपेटीशी किंवा डफाशी जाऊन बसायचं. सगळ्या गावाच्या लग्नांना सूर पुरवणाऱ्या त्या माणसांची पंगत मात्र वेगळी आणि शेवटी बसायची. गावाचं गाणं आठवताना ही गोष्ट गाळली तर ते लबाडीचं होईल.

आणि भजन. एकादशीला देवळात रात्रभर भजन चालायचं. आम्ही पोरं त्यात निम्मा वेळ झोपलेली असायचो, पण असायचो तिथंच. पखवाजाच्या धुमेला ओली कणीक लावतात, तर कणीक मळून आणायचं काम लहान पोराकडं असायचं. मी चार वर्षांचा असल्यापासून ते केलं. निम्मी कणीक पोटात जायची. पखवाजवाले आप्पा ओरडायचे, "आरं, धुमंला लावू का तुझ्या गालाला?" पण त्या कामामुळं मी पखवाजाशेजारी बसायचो. कणीक जास्त झाली की आवाज बसका होतो, कमी झाली की फुटका येतो, हे मला पाढे यायच्या आधी कळलं होतं. 'तू गाऊन दाखव' असं कुणी म्हणत नव्हतं. पोराला काम देत होते आणि जवळ बसवून घेत होते.

आमचा भाग तसा नशिबवान. मिरजेला तंबोरा आणि सतार करणारी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात. आमच्या सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तसं मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली मिळालं. उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेला राहिले. १९३७ साली ते गेले. मिरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांना मूठमाती दिली आणि तिथं उरुसाला त्यांच्या नावानं गाणं होतं. तात्या मला खांद्यावर बसवून त्या उरुसाला घेऊन गेले होते. गाणं काय कळणार? पण चिंचेखाली तात्यांच्या मांडीवर डोकं ठेवून ऐकलेला तंबोऱ्याचा आवाज अजून कानात आहे. मधमाश्यांचं मोहोळ लांबून ऐकावं, तसा.

पुढं वाचनालयात मोठ्या गवयांची चरित्रं हाताला लागली, तेव्हा मी एकच गोष्ट शोधत वाचली. या लोकांच्या कानावर लहानपणी काय पडलं?

विष्णु दिगंबर पलुस्कर कुरुंदवाडचे, जन्म १८७२. वडील कीर्तनकार. लहानपणी फटाक्यानं डोळे अधू झाले, म्हणून शाळा सुटली आणि मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडं गाणं शिकायला राहिले. त्यांनीच १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि गाणं सामान्य घरातल्या पोरांसाठी खुलं केलं. पण त्यांच्या कानाची पहिली शाळा बापाचं कीर्तन हीच असणार, असं मला वाटतं.

भीमसेन जोशी गदगकडचे. आई भजनं म्हणायची. लहान असताना वाजंत्री किंवा भजनाची दिंडी दिसली, की हे तिच्यामागं निघायचे आणि दमून कुठंतरी झोपून जायचे. लोकांनी आणून सोडावं म्हणून वडिलांनी सदऱ्यावरच लिहिलं होतं, हा जोशी मास्तरांचा मुलगा. ही गोष्ट वाचून मी खूप हसलो. मग गप्प झालो. या बापानं पोराला कोंडून घातलं नाही. परत यायची सोय केली.

लता मंगेशकरांचं लहानपण सांगलीत गेलं. वडील दीनानाथ एका शिष्याला राग घोटायला सांगून बाहेर गेले. शिष्य चुकला. चारपाच वर्षांची लता खेळता खेळता आत गेली आणि हे असं नाही, असं आहे, म्हणून गाऊन दाखवलं. वडिलांनी दारातून ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तिला उठवून शिकवायला सुरुवात केली. तोवर तिला कुणी मुद्दाम शिकवलं नव्हतं. घरात चाललेलं गाणं तिच्या कानात साठत होतं.

ही माणसं लाखात एक. आमच्या घरात तशी निपजतील असं मी म्हणत नाही. जात्यापाशी निजलेली माझी बहीण काही गायिका झाली नाही. ती आयुष्यभर भांगलण करत गुणगुणली, एवढंच. पण नवरा गेल्यावर त्या गुणगुणण्यानंच तिला सावरलं, हे मी पाहिलं आहे. गाणं पोटाला लागत नाही खरं. पण वाईट दिवसांत माणसाला धरून ठेवायला काहीतरी लागतं, आणि ते लहानपणीच अंगात मुरलेलं असावं लागतं.

मग हे सगळं गेलं कसं?

कुणी चोरलं नाही. आमच्या गावात १९६८ च्या सुमाराला वीज आली आणि पाठोपाठ पिठाची गिरणी आली. आईच्या हाताला जात्याच्या खुंट्यानं पडलेले घट्टे मला ठाऊक आहेत. गिरणी आली त्या दिवशी तिनं गिरणीच्या पट्ट्याला हळद-कुंकू वाहिलं होतं. मग विहिरीवर डिझेल इंजिन आलं, पुढं मोटर आली. मोट माडीवर गेली, नंतर तिचं चामडं उंदरांनी खाल्लं. बायकांचे आणि बैलांचे कष्ट वाचले, हे चांगलंच झालं. 'जुनं ते सोनं' म्हणणाऱ्याला एकदा पायलीभर ज्वारी दळायला बसवावं. पण कष्ट गेले त्यांच्याबरोबर त्यात मिसळलेलं गाणंही गेलं. जात्याच्या जागी गिरणी आली, मोटेच्या जागी मोटर आली, ओवीच्या जागी मात्र काही आलं नाही. ती जागा रिकामी आहे हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

थोडं आलं, नाही असं नाही. सांगलीचं आकाशवाणी केंद्र १९६३ साली सुरू झालं, तेव्हा मी तीन वर्षांचा. ग्रामपंचायतीचा रेडिओ चावडीवर लागायचा. पुढं घरात ट्रान्झिस्टर आला. सकाळी भक्तिगीतं, संध्याकाळी शेतकऱ्यांचा कार्यक्रम. रेडिओनं आम्हाला चांगलं ऐकायची सवय लावली. पण रेडिओवरच्या बाईला आमच्या पोराचं नाव ठाऊक नव्हतं. पोर रडलं म्हणून ती थांबत नव्हती, हसलं म्हणून पुन्हा म्हणत नव्हती.

आता माझ्या चुकीचं सांगतो.

माझा थोरला मुलगा १९९० चा. तो तीन वर्षांचा होता तेव्हा गोडेतेलाचा रिकामा डबा घेऊन बसायचा. दोन हातांनी वाजवायचा. नुसता बडवत नव्हता. डाव्या हातानं मध्यभागी, उजव्यानं काठावर असे दोन वेगळे आवाज काढायचा. तात्या तेव्हा होते. ते म्हणायचे, "पोराचा हात बरा हाय. देवळात घिऊन जात जा त्याला."

मी नेलं नाही. त्या वर्षी द्राक्षबाग घातली होती. कर्ज काढलं होतं आणि ऐन मालाच्या वेळी अवकाळीनं घड कुजले. एका संध्याकाळी मी दारात हिशोब करत बसलो होतो, आणि हा मागं डबा वाजवत होता. मी उठलो, त्याच्या हातातला डबा ओढला आणि उंबऱ्यावर आपटून चेपवला. "टाळकुट्या व्हायचंय का तुला? गप बस." एवढंच बोललो. मारलं नाही. पोर रडलंही नाही. माझ्याकडं बघत राहिलं.

त्यानंतर त्यानं डबा वाजवला नाही. पोरगं शिकलं, आयटीआय केलं, कारखान्यात कामाला लागलं. कष्टाळू आहे, मला उलट बोलत नाही. पण गावच्या यात्रेत सगळे लेझीम धरतात तेव्हा तो कडेला उभा असतो. न्हाताना सुद्धा कधी गुणगुणताना ऐकला नाही. एका डब्यामुळं हे झालं असं कुणी म्हणणार नाही. मला मात्र तो आवाज ऐकू येतो. डबा चेपल्याचा.

आणि आता त्याचीच लेक हरिपाठाला गुडघे वाकवते.

नातीच्या जेवणाच्या वेळी समोर मोबाईल लागायचा. त्यात रंगीत चित्रं नाचायची आणि एकच गाणं वीस वेळा. तिचा घास कुठं जातोय तिला कळत नव्हतं. मी सूनबाईला एकदा बोललो. ती म्हणाली, "मामा, मोबाईल लावला तरच जेवती ती. धारा, भांडी, पुन्हा डबा करायचा ह्यांचा. मी कितीकडं बघू?"

तिचं खरं होतं. आमच्या आईला गायला वेगळा वेळ काढावा लागत नव्हता, कामातच गाणं होतं. हिच्या कामात गाणं नाही आणि कामाबाहेर वेळ नाही. तेव्हा मी म्हणालो, "बरं, संध्याकाळचं जेवण माझ्याकडं." आणि मांडीवर नातीला घेऊन बसलो, तर मला गाता येईना! अभंग येतात, पण ते पंधरा माणसांत. लेकरासाठी म्हणायचं म्हटल्यावर एकही ओवी पुरी आठवेना. आई रोज गात होती, पण आम्ही पुरुष ते ऐकत होतो कुठं? ते बायकांचं होतं.

मग मी आक्काकडं गेलो. आक्का माझी थोरली बहीण, त्र्याहत्तर वर्षांची, शेजारच्याच गावात दिलेली. म्हटलं, "आक्का, आईच्या ओव्या सांग, मी वहीत लिहून घेतो."

ती बराच वेळ विचार करून म्हणाली, "आशा न्हाई येत रं. जात्यावर बसल्याबिगर न्हाई येत."

आमचं जातं गोठ्याच्या कोपऱ्यात होतं. लग्नाच्या हळदीला तेवढं निघायचं. मी ते धुऊन सोप्यात मांडलं आणि आक्काला घेऊन आलो. ती एक पाय पसरून बसली. वाटीभर हरभरा घातला आणि खुंटा धरला. पहिले चारपाच फेरे नुसती घरघर. मग तिचं तोंड उघडलं आणि जे निघालं, त्यात आईचा आवाज होता. ओव्या एकामागून एक आल्या. आईच्या, चुलतीच्या, आक्काच्या स्वतःच्या. नात आधी माझ्या धोतराला धरून उभी होती. जात्याच्या आवाजाला भ्याली होती. मग हळूहळू सरकत गेली आणि आक्काच्या पसरलेल्या पायावर जाऊन बसली. तिला कुणी बस म्हटलं नव्हतं. आक्कानं ओवीत तिचं नाव घातलं. आपलं नाव ऐकल्यावर पोरीनं मान वर करून आक्काच्या तोंडाकडं जे पाहिलं, ते मोबाईलकडं बघण्यापेक्षा वेगळं होतं.

त्या दिवसापासून आमच्या घरी जे चाललंय ते साधं आहे. संध्याकाळी जेवताना मी दोनच ओव्या म्हणतो, रोज त्याच. लहान पोराला तेच तेच लागतं. मध्येच मी थांबतो, मग पुढचा शब्द ती तिच्या बोबड्या भाषेत टाकते. सुरात असतो, नसतो. चूक काढत नाही. पाहुणे आले की 'म्हणून दाखव' म्हणत नाही, कारण एकदा म्हटलं तेव्हा ती आईच्या मागं लपली होती. खेळायला एक पातेलं आणि लाकडी पळी तिची म्हणून ठरवून दिली आहे. गणपतीच्या मिरवणुकीत डॉल्बीच्या भिंतीजवळ तिला नेत नाही. मागच्या वर्षी नेलं तर कानावर हात धरून ती किंचाळली होती, आणि माझ्याही छातीत धडधडलं होतं. त्यापेक्षा देवळाच्या पायरीवर टाळाजवळ बसवतो. मोबाईल पूर्ण सुटला असं नाही. पण सूनबाई आता भाकरी थापताना आक्काची एक ओवी गुणगुणते, तेही तिच्या नकळत. त्या वेळी नात चुलीपाशी जाऊन बसते.

उद्या ही पोरगी गाणं शिकेल का, मला ठाऊक नाही. शिकली नाही तरी चालेल. तिच्या बापाच्या हातातून मी जे ओढून घेतलं, ते तिच्या हातातून कुणी ओढू नये, एवढंच.

आता शेवटचं. आक्का आली होती त्या दिवशी मुलगा दुसऱ्या पाळीला गेला होता. रात्री घरी आला तेव्हा जातं अजून सोप्यातच होतं. त्यानं विचारलं, बायकोनं सगळं सांगितलं. तो माझ्याशी काही बोलला नाही. पंधरा दिवसांनी पगार झाला, त्या शनिवारी तो मिरजेहून येताना एक लहान ढोलकी घेऊन आला. लेकीसमोर ठेवली. ती दोन्ही हातांनी एकाच बाजूला थापट्या मारायला लागली.

तिच्या बापानं थोडा वेळ बघितलं. मग ढोलकी आपल्याकडं ओढली, आणि डाव्या हातानं एक, उजव्या हातानं दोन, असं हळू वाजवून दाखवलं. बत्तीस वर्षांनी.

मी आत होतो. बाहेर आलो नाही. मी समोर आलो असतो तर कदाचित तो थांबला असता.